न कापणारी डॉक्टर

एमबीबीएसचा निकाल लागला त्या आठवड्यात आमच्या वसाहतीतल्या विहारात माझा सत्कार झाला. शाल, पुष्पगुच्छ, स्टीलचा डबा आणि माईक. माईक कमिटीच्या अध्यक्षकाकांच्या हातात होता, आणि एकदा त्यांच्या हातात गेलेला माईक परत येईपर्यंत लहान पोरं एक झोप काढून उठायची. काकांनी माझं कौतुक केलं, माझ्या आईवडिलांचं केलं, आणि मग आवाज चढवून जाहीर केलं, "आपल्या अंबरनाथची, आपल्या वस्तीतली ही पहिली मुलगी आता सर्जन होणार! हिच्या हातात सुरी येणार आणि ती सुरी गोरगरिबांचे प्राण वाचवणार!" टाळ्या पडल्या. पांढऱ्या साड्यांतल्या बायका माझ्याकडे बघून माना डोलवत होत्या. पप्पा पहिल्या रांगेत ताठ बसले होते. मी सर्जन होणार ही बातमी मला त्या माईकवरूनच कळली.

मी तेव्हाच उभं राहून "नाही" म्हणायला हवं होतं. पण अंगावर शाल असताना भांडता येत नाही. घरी आल्यावर शाल काढली आणि सांगून टाकलं, "मला मेडिसिन करायचंय."

आई म्हणाली, "मग आत्ता साडेचार वर्षं केलंस ते काय होतं?"

तिची काही चूक नव्हती. मेडिसिन ही डॉक्टरकीतली एक शाखा आहे, मोठ्या माणसांचे छाती, पोट, रक्त, साखर, ताप असे आतले सगळे आजार तिच्यात येतात आणि तिच्यात कापाकापी नसते, हे मी त्या वर्षी किती जणांना सांगितलं असेल त्याची गणती नाही. "म्हणजे नाक्यावरच्या डॉक्टरसारखं?" एका काकूंनी विचारलं. दुसरी आईच्या कानात म्हणाली, "रक्ताला भिते का गं पोरगी?" याचा मला सगळ्यात जास्त राग यायचा. मी रक्ताला भीत नव्हते. इंटर्नशिपला टाके घालायची वेळ आली की सिस्टर मलाच बोलावायच्या, कारण माझे टाके सरळ यायचे. येत नाही म्हणून सोडणं वेगळं आणि येत असून नको म्हणणं वेगळं. माझं दुसरं होतं, आणि ते कुणाला पटत नव्हतं.

ते का, हेही सांगते. कॉलेजला मेडिसिनच्या वॉर्डात एक सर होते. निवृत्तीला आलेले, तोंडाने फटकळ. त्यांच्या युनिटात एकच नियम होता. पेशंटच्या उशाशी उभं राहून बोलायचं नाही. लोखंडी स्टूल ओढायचं, बसायचं आणि त्याच्याकडून त्याचा अख्खा दिवस ऐकायचा, डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत. कुणी "काय खाता?" असं विचारलं की सर हातातली फाईल पलंगावर आपटायचे. "खाण्याचं विचारलं की माणूस जेवण सांगतो. तोंडात काय काय गेलं ते विचारा!"

तिथे एकदा पोटदुखीचा एक माणूस आला. महिनाभरात तीन ठिकाणी दाखवून आलेला, एका ठिकाणी अपेंडिक्स काढूनही झालेलं. पोट दुखायचं ते दुखतच होतं. मी स्टूल घेऊन तासभर बसले. कामावर काय करता, घरी आल्यावर काय करता, मग काय करता. तर हा गृहस्थ कामावरून आल्यावर घरातल्या मोरीत जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायचा. "ते काय काम नाय मॅडम, ते टाइमपास," तो म्हणाला. त्याच्या हिरड्यांवर निळसर रेघ होती. मी सरांना सांगितलं. सर वाकून बघून आले, "हं" म्हणाले आणि केसपेपरवर शिशाची तपासणी लिहिली. बस, तेवढंच. त्या एका "हं"वर मी आयुष्य ठरवलं. लोक याहून कमी गोष्टीवर लग्नं ठरवतात.

इंटर्नशिप संपली, आणि पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा अभ्यास करता करता मी उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका नर्सिंग होममध्ये नोकरी धरली. खाली कापडाची दुकानं, मधल्या मजल्यावर शिलाई मशिनांचा खडखडाट, वर आम्ही. मालक सिंधी सर्जन होते. हात अतिशय सफाईदार आणि जीभ त्याहून. एका वाक्यात तीन भाषा घालायचे आणि तिन्हींत मला समजवायचे.

"देख बेटा, फिजिशियन क्या करता है? लिखता है. सकाळी लिहितो, संध्याकाळी खोडतो, दुसरे दिन फिर लिखता है. पेशंट को दिखता क्या है? कागज. आणि मी? मी स्टोन काढून बाटलीत घालून हातात देतो. घर ले जाओ साईं, शोकेस में रखो."

यात खोटं काही नव्हतं. कॅम्पमधल्या कितीतरी घरांत टीव्हीशेजारी ते खडे मी बाटलीत बघितलेत.

"और सुन, नुसतं एमडी मेडिसिन म्हणजे आजकाल अर्धी डिग्री. पुढे हार्ट कर, किडनी कर, और तीन साल. शादी कब करेगी? बाई माणूस आहेस, गायनॅक कर. वरचा मजला तुझा, पाटी तुझी."

"सर, मला बाळंतपणं नाही करायची."

"करायची काय असते? होती हैं वो. तू फक्त उभं राहायचं."

माणूस चांगला होता, हे सांगायलाच हवं. जेवणाच्या सुट्टीत माझ्यापुढे पुस्तक उघडं दिसलं की सिस्टरांना दरडावायचा, "इसको हाक मत मारो." पण चांगल्या माणसांनी चांगल्या मनाने आपलं आयुष्य ठरवून टाकणं हाच तर सगळ्यात मोठा वैताग असतो. वाईट माणसाला निदान शिवी तरी देता येते.

निकाल आला. नंबर चांगला होता. सर्जरी, गायनॅक, मेडिसिन, तिन्ही हाती लागतील इतका. मुंबईत एका हॉलमध्ये नंबरवार बोलावून सीट निवडायला सांगणार होते आणि त्याला तीन आठवडे होते. घरात त्याच संध्याकाळी जुंपली.

पप्पा अंबरनाथ एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत फिटर होते. रंग म्हणजे कपड्याला लावायचा, पावडरचा. पंप, गिअरबॉक्स, बेअरिंग यांच्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्या बनियनला काखेत कायम पिवळा डाग असायचा आणि उशीच्या अभ्र्याला घामाबरोबर रंग उतरायचा. त्यांचा मुद्दा सरळ होता.

"मशीन उघडल्याशिवाय बिघाड कळत नसतो. उघडायचं, बघायचं, खराब पार्ट काढायचा. बाकी सगळी बाहेरून बडबड."

"पप्पा, तुम्ही पंप उघडायच्या आधी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला लावून मूठ कानाला लावता ना? आवाज ऐकता ना?"

"ऐकतो."

"का ऐकता?"

"कुठलं बेअरिंग गेलंय ते कळायला."

"तेच मला करायचंय."

पप्पांनी क्षणभर विचार केला. "हां, पण मग उघडतोच ना मी! ऐकून बसून राहिलो तर सुपरवायझर घरी पाठवील."

यावर आई हसली. मीही हसले असते, पण मी चिडले होते. आईचं म्हणणं गायनॅक, पप्पांचं सर्जरी, आणि दोघं मिळून मला म्हणत होते की आमचं ऐक. पप्पांनी शेवटी मनातलं काढलं. "माईकवर बोलले ते. सगळ्या वस्तीने ऐकलंय."

"माझ्या तोंडून ऐकलं नाही ना?" मी म्हटलं. ते उठून बाहेर गेले आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले.

दहाएक दिवसांनी मी घरी असताना पप्पा पायमोजा काढत होते आणि मला वास आला. डाव्या पायाचं मधलं बोट काळं पडलेलं. सेफ्टी बुटाचा फोड आला होता, त्याच्यावर ते हळद भरून आठ दिवस कामावर जात होते. सांगितलं नाही, कारण मुलीची सीट घ्यायची तारीख जवळ आली होती आणि तिचं डोकं शांत राहायला हवं होतं. पप्पांना सहा वर्षांपासून साखरेचा आजार होता. मी त्यांना रिक्षात घातलं आणि थेट कॅम्प दोनला आणलं.

सिस्टरने भरतीचा कागद पुढे केला. मी उभ्या उभ्या भरला. मधुमेह, सहा वर्षं. गोळ्या, नियमित. गोड, पूर्ण बंद. चहा, बिनसाखरेचा. पप्पा शेजारच्या बाकावर बसले होते. त्यांना मी यातलं काहीही विचारलं नाही. आपल्या बापाचं आपल्याला माहीत नसणार तर कोणाला असणार?

सर्जन सरांनी बोट बघितलं आणि म्हणाले, बोट जाणार, पण आधी साखर खाली आणू. बदलापूरहून स्कूटरवर एक फिजिशियन यायचे, त्यांना बोलावलं. ते आले, दहा मिनिटं थांबले, इन्सुलिन लिहून गेले. साखर उतरली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी इन्सुलिन वाढवलं. तिसऱ्या दिवशी आणखी वाढवलं. माझ्याच शाखेचा माणूस, आणि स्टुलाकडे त्याने बघितलंही नाही. मी तरी कुठे बघितलं होतं?

चौथ्या दिवशी सर पप्पांच्या समोरच म्हणाले, "ऐसे में कापून उपयोग नाही, जखम भरणार नाही. दोन दिवसांत उतरली नाही तर फिर ऊपर से काटना पड़ेगा. पाऊल."

सर गेल्यावर पप्पांनी माझा हात धरला. "बघितलंस? तुझा लिहिणारा डॉक्टर चार दिवस लिहितोय. शेवटी सोडवणार कोण? कापणाराच. मला शब्द दे, सर्जरी घेशील."

मी म्हटलं, "नाही."

आई रडायला लागली. "बाप पाय घालवून बसलाय आणि हिला तिची जिद्द!" शेजारच्या पलंगावरचे लोक बघत होते. मला स्वतःची लाज वाटत होती, पण शब्द मी दिला नाही. त्या वेळी "हो" म्हटलं असतं तर तो होकार पप्पांच्या पायासाठी दिलेला असता आणि आयुष्यभर मी त्या पायावर चिडले असते.

मग मी बाहेर येऊन साखरेचा तक्ता घेतला आणि चार दिवसांचे आकडे ओळीने बघितले. सकाळी साखर जरा बरी. दुपारी बारालाही बरी. संध्याकाळी सहाला मात्र उडी मारायची, रोज, न चुकता. सहाच्या आधी काय होतं? चार ते सहा भेटायला येणाऱ्यांची वेळ होती.

मी स्टूल ओढलं आणि पप्पांच्या पलंगाजवळ बसले.

"सकाळी डोळे उघडल्यापासून सांगा."

"हे काय आता?"

"दिवस सांगा तुमचा."

"मी बाप आहे तुझा. केस नाही."

"या पलंगावर आहात तोवर केस आहात. सांगा."

ते इतके वैतागले होते की बहुधा मला गप्प करायलाच त्यांनी सांगायला सुरुवात केली. दात घासले, चहा, पोहे, गोळ्या, सुई. दुपारचं जेवण, दोन चपात्या. झोप. मग चार वाजले.

"चारला पहिल्या पाळीची मंडळी येतात कंपनीतून. बसतात. बोलतो आम्ही."

"तेव्हा तोंडात काय काय जातं?"

"काय नाही. पाणी."

"आणखी?"

"आणखी काय, गूळ."

ज्या सुरात ते पाणी म्हणाले त्याच सुरात गूळ म्हणाले.

हे नीट सांगायला हवं. पप्पांच्या कंपनीत पावडर प्लांटला काम करणाऱ्या प्रत्येकाला पाळी सुटताना स्टोअरमधून गुळाचा खडा मिळायचा. मुठीएवढा. आमच्याकडे कितीतरी कारखान्यांत ही पद्धत होती. साबण, हातमोजे आणि गूळ एकाच खिडकीतून यायचे. गूळ खाल्ला की छातीत गेलेली धूळ खाली उतरते, ही सगळ्यांची पक्की समजूत. त्यामुळे गूळ हा त्यांच्या लेखी खाण्याचा पदार्थच नव्हता. माणूस जसा हातमोजे खात नाही तसा तो गूळ खात नव्हता, फक्त वापरत होता. डॉक्टरने "गोड बंद करा" सांगितल्यावर पप्पांनी साखर सोडली, लाडू सोडले, लग्नातली जिलेबी सोडली, आणि सहा वर्षं रोज कामावर गूळ घेतला. अगदी प्रामाणिकपणे. इथे पलंगावर असल्यामुळे त्यांचा वाटा बंद झाला होता, तर दोस्त मंडळी स्वतःच्या वाट्यातला अर्धा अर्धा आणून देत होती. एवढ्या वर्षांची धूळ आहे छातीत, ती वर यायला नको.

मी पलंगाजवळच्या कपाटाचा खण उघडला. वर्तमानपत्राच्या तीन पुड्या होत्या, एक अर्धी संपलेली. सिस्टर म्हणाली, "मला वाटलं परसाद हाय."

मला काय वाटलं ते सांगते. लहानपणी पप्पा पाळीवरून आले की त्यांच्या खिशात अशीच पुडी असायची. अर्धा खडा माझा. त्याला किंचित रंगाचा वास यायचा. पायरीवर बसून मी तो चोखायची. ज्या पोरीच्या तोंडात तो गूळ इतकी वर्षं विरघळला, तिनेच मोठी होऊन कागदावर लिहिलं होतं, गोड पूर्ण बंद. परक्या माणसाला मी तासभर विचारलं होतं आणि बापाला एक मिनिट नाही. माझा पहिला राग कंपनीवर नव्हता, फिजिशियनवर नव्हता, माझ्यावर होता.

दुसरा राग चार वाजता आला. पप्पांचे जिगरी दोस्त, कंपनीतले वेल्डर काका, पुडी घेऊन दारात उभे. मी हात पुढे केला. "काका, द्या इकडे. आजपासून बंद."

"का गं बाय?"

"साखर वाढते यांची."

"गूळ म्हंजी काय पेढा हाय काय? अगं औषध हाय ते. सेफ्टीचा माल हाय!"

"काका, धूळ जाते नाकातून छातीत. गूळ जातो पोटात. त्या दोघांची गाठच पडत नाही."

काकांनी पुडी उलटीसुलटी करून बघितली. "मग कंपनी कशाला देते?"

"धूळ ओढणारा पंखा बसवावा लागू नये म्हणून."

हे मी फार जोरात बोलले. काका खाली बसले. वीस वर्षं तो माणूस रोज पाळी संपल्यावर खडा तोंडात टाकून घरी जात होता आणि आपण सुरक्षित आहोत असं समजत होता. मला त्यांना दुखवायचं नव्हतं. पण खरं तर त्यांना दुखवायला हवंच होतं, कुणीतरी फार आधी. काका म्हणाले, "माझीबी साखर बघ मग." दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी चौघांना आणलं. दोघांची जास्त निघाली. जिन्याखालच्या बाकड्यावर बसवून मी एकेकाचा दिवस ऐकला. माझी पहिली ओपीडी ती.

गूळ बंद झाल्याच्या तिसऱ्या दिवशी पप्पांची साखर उतरली. सरांनी बोट काढलं, एकच, इतकं नेटकं की आजही बघणाऱ्याला पटकन कळत नाही. पाऊल राहिलं. हात धुताना सर मला म्हणाले, "अच्छा किया. पण यात काय मेडिसिन? ये तो कोई भी पूछ लेता."

"कोई भी ने पूछा नहीं, सर," मी म्हटलं.

ते हसले. पटलं नाही त्यांना, आणि पुढेही कधी पटलं नाही.

वसाहतीत बातमी गेली की सिंधी डॉक्टरने पाय वाचवला. बायका आईला सांगायला आल्या, हात सोन्याचा आहे हो त्याचा. पप्पाही तेच सांगत होते. मी एकदा मध्ये बोलले, तर म्हणाले, "गूळ विचारायला डॉक्टर कशाला लागतो?" मला राग आला, अजूनही येतो. पुढे तीन वर्षं निवासी डॉक्टर म्हणून वॉर्डात राबले, मग डीएम, म्हणजे हृदय नाहीतर किडनीची ती पुढची डिग्री, केली नाही, तेही सगळ्यांच्या विरोधात, आणि इथेच परत येऊन दवाखाना टाकला. या सगळ्या काळात हा अनुभव सुटला नाही. मेडिसिनवाल्याचं चांगलं काम म्हणजे काहीतरी न होणं. झटका आला नाही, किडनी गेली नाही, पाय कापला नाही. जे झालंच नाही ते बाटलीत घालून शोकेसमध्ये कोण ठेवणार? विद्यार्थी विचारायला येतात, मॅडम, मेडिसिन घेऊ का? मी त्यांना आधी हेच सांगते. टाळ्या हव्या असतील तर दुसरं काहीतरी घ्या. बरेचसे उठून जातात. जे बसून राहतात त्यांच्याशी मग मी बोलते.

पण सीट अजून घ्यायची होती.

त्या दिवशी पप्पा हट्टाने माझ्याबरोबर आले. पायाला पट्टी, आणि सँडलचा पुढचा पट्टा त्यांनी स्वतःच कापून मोकळा केलेला. इस्त्रीचा शर्ट. हॉलमध्ये पालकांच्या खुर्च्या मागे होत्या. माझा नंबर पुकारला. टेबलामागे तिघं बसले होते, मधल्या मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "सर्जरी आहे, गायनॅक आहे, मेडिसिनची एक राहिलीय. बोला."

मागून कुणीतरी मित्राला म्हणालं, "कोट्यातली आहे, काय मिळेल ते घेईल." मला ऐकू आलं. असलं बोलणं मी पहिल्या वर्षापासून ऐकत होते आणि त्याला वळून बघणं केव्हाच सोडलं होतं. मला काय मिळेल ते नको होतं. मला जे हवं तेच हवं होतं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला, चालू मशिनांच्या वरून ओरडायची सवय असलेला, फिटरचा. "मॅडम, सर्जरी द्या तिला!"

अख्खा हॉल हसला. मॅडमनी विचारलं, "कोण ते?"

"माझे वडील."

"ते सर्जरी म्हणतायत."

"ते म्हणतायत. फॉर्म माझा आहे. जनरल मेडिसिन."

"विचार करा. नंतर बदलता येणार नाही."

"म्हणूनच आत्ता सांगते."

हसणं थांबलं. मी सही केली, कागद घेतला आणि वळले. पप्पा खुर्चीत बसून जमिनीकडे बघत होते. चारशे परक्या माणसांसमोर मी त्यांना खोटं पाडलं होतं. वाईट वाटलं मला, फार वाईट वाटलं. पण पश्चात्ताप झाला नाही, तो आजही नाही.

बाहेर फुटपाथवर चहाच्या गाडीजवळ आम्ही बसलो. बिनसाखरेचे दोन. पप्पांनी दोन घोट घेतले. मग म्हणाले, "सगळ्यांच्या देखत बापाला गप्प केलंस."

"हो."

मी सॉरी म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हटलं नाही.

"आयटीआयच्या फॉर्मवर सही माझी होती," ते एकदम म्हणाले. "भरला होता तुझ्या आजोबांनी. मला एसटीवर जायचं होतं. ड्रायव्हर. विठ्ठलवाडी डेपोच्या गेटवर जाऊन उभा राहायचो मी, कुठली गाडी कुठे चाललीय बघत. सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ होत्या. वडील म्हणाले, ड्रायव्हर घरी नसतो, फिटर हो. झालो. तीस वर्षं त्याच शेडमध्ये."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. आईलाही माहीत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

"मग सांगितलं का नाही त्यांना?"

"तोंडच उघडलं नाही." त्यांनी ग्लास खाली ठेवला, उभे राहिले, डावा पाय हळूच टेकवून बघितला. "तू उघडलंस. मला आवडलं नाही ते."

मी चहाचे पैसे दिले.

"पण बरं केलंस," पप्पा म्हणाले. "चल."